चिखल्या, बाज आणि पोटाचा श्वास: हत्तीपायाचं एक प्रकरण

२०२३च्या फेब्रुवारीत माहेरी गेले होते. भंडारा जिल्ह्यातलं वैनगंगेकाठचं गाव, सगळा धानाचा मुलूख. शेजारच्या मावशी अंगणात बाजेवर बसल्या होत्या, उजवा पाय लुगड्याच्या घोळात झाकून. मी शाळेत होते तेव्हापासून तो पाय असाच झाकलेला बघत आले आहे. "तू नागपुरात योग शिकवते म्हणे," त्या म्हणाल्या. "ह्या पायासाठी हाये का तुझ्याकडं काही?"

मी पटकन "आहे ना" म्हटलं. चौदा वर्षं वर्ग घेणाऱ्या बाईला "बघते, विचारून सांगते" म्हणायला जड जातं. तिथंच त्यांना घोटे फिरवायला लावले, दीर्घ श्वास घ्यायला सांगितला आणि शेवटी पाच मिनिटं वज्रासनात बसवलं, कारण वज्रासनानं पायांचं अभिसरण सुधारतं असं मी वर्गात नेहमी सांगते. तिसऱ्या दिवशी आईचा फोन. घोट्यावरच्या सुजेची वळी जमिनीवर घासून सोलली होती आणि तिथून पाणी झिरपत होतं. गुडघ्यामागं दाब पडून पोटरी आणखी तट्ट झाली होती ती वेगळीच. या प्रकरणाची सुरुवात अशी माझ्या चुकीनं झाली, म्हणून ती आधी सांगितली. पुढचं सगळं मावशींच्या परवानगीनं, त्यांचं नाव-गाव गाळून लिहिते आहे.

पाय कसा होता

वय ५८. उजव्या पायाची सूज सव्वीस वर्षांची, गुडघ्याखाली. सुरुवातीच्या वर्षांत रात्री झोपल्यावर सूज उतरायची आणि सकाळी पाय बराचसा पहिल्यासारखा दिसायचा. पुढं ती उतरेनाशी झाली. आता कातडी जाड आणि खरखरीत, घोट्यावर एक खोल वळी, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या, भिजलेल्या, चिरलेल्या. या बेचक्यांना आपण चिखल्या म्हणतो. धानाच्या रोवणीत महिनाभर बांधीतल्या (धानाच्या पाणी भरलेल्या वाफ्यातल्या) चिखलात उभ्या राहणाऱ्या बायकांना चिखल्या काही नव्या नाहीत. त्या कोणी आजारात धरतच नाही. या पायाच्या बाबतीत मात्र सगळी गोम तिथंच होती.

वर्षातून पाच-सहा वेळा मावशींना हुडहुडी भरून ताप यायचा. जांघेत गाठ यायची, पाय लालभडक होऊन दुखायचा आणि चार-पाच दिवस अंथरुणातून उठवायचं नाही. मजुरी बुडायची. ताप गेला की पाय आधीपेक्षा थोडा जाडच राहायचा. घरात याला "पाय उठला" म्हणत आणि पंधरा-वीस वर्षं हे होणारच असं धरूनच चालले होते.

सोललेल्या जागेचं निमित्त झालं आणि आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आधी जखम बघितली, मग मला बाजूला घेऊन शांतपणे विचारलं, "वज्रासन कोणी दिलं?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण रागावले नाहीत. दोन्ही पायांची सूज नाही, हृदयाची किंवा मूत्रपिंडाची तक्रार नाही, हे तपासून घेतलं. शिरेत गुठळी नसल्याची खात्री करायला जिल्ह्याच्या ठिकाणी सोनोग्राफी झाली. रक्ताचा नमुना रात्री घेतला गेला, कारण हत्तीपाय ज्या जंतानं होतो त्याची पिल्लं रात्रीच्या वेळी रक्तात उतरतात. नमुन्यात काही सापडलं नाही. इतक्या जुन्या सुजेत बहुधा सापडतही नाही. जंत कधीच मरून गेलेला असतो, त्यानं बिघडवून ठेवलेल्या वाहिन्या मागं राहतात.

हत्तीरोगाचा जंत म्हणजे वुचेरेरिया बँक्रॉफ्टी. क्युलेक्स डासाच्या चाव्यातून तो शिरतो, लसीकावाहिन्यांत, म्हणजे पेशींभोवतीचा द्रव (लसीका) परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्यांत, घर करतो आणि तिथं काही वर्षं जगतो. वाहिन्या सैलावतात, त्यांच्या झडपा मिटेनाशा होतात. पूर्व विदर्भात हा रोग पिढ्यान्‌पिढ्या आहे. गावोगाव सामुदायिक औषधोपचार मोहिमेत आरोग्य कर्मचारी समोर उभं राहून गोळ्या खायला लावतात, ते याच्यासाठी. आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेन्डाझोल अशी तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत देशात ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत आली, त्यांत नागपूर होतं. देशातून हत्तीरोगाचं दूरीकरण करायला २०२७चं लक्ष्य ठेवलं आहे. गोळ्यांनी नवा संसर्ग थांबतो. सव्वीस वर्षांपूर्वी फुगलेला पाय त्यानं उतरत नाही, आणि बायकांचा गोळ्यांवरचा विश्वास इथंच उडतो. "खाल्ल्या ना गोळ्या, काय झालं?" हे मी त्या गावात किमान दहा जणींकडून ऐकलं आहे.

आधी धुणं, मग आसन

डॉक्टरांनी क्रम घालून दिला. त्यात योगाचा नंबर तिसरा होता.

पहिलं धुणं. आरोग्य केंद्रातून टब, मग, टॉवेल, साबण आणि मलम असा संच मिळाला. रोज एकदा, शक्यतो संध्याकाळी कामावरून आल्यावर, साध्या पाण्यानं आणि साबणानं पाय धुवायचा, तोही हातानं. मावशी पाय वजरीनं घासत असत. कातडी जाड झाली म्हणून जोर लावून घासायच्या, आणि त्यातूनच बारीक ओरखडे पडत होते. वजरी बंद करायला त्यांनी मला आठवडाभर झुलवलं. धुण्याइतकंच कोरडं करणं महत्त्वाचं. टॉवेल बेचक्यांत शिरत नव्हता, तेव्हा मावशींनीच तोड काढली. जुन्या मऊ लुगड्याची दोन बोटं रुंदीची पट्टी फाडली आणि ती एकेका बेचक्यातून हलक्या हातानं ओढायची. वळीच्या आतूनही तशीच. मग बुरशीचं मलम. पंधरा दिवसांत चिखल्या भरून आल्या.

यामागचं कारण मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. तो ताप जंताचा नसतोच. चिरलेल्या बेचक्यांतून साधे जिवाणू आत शिरतात, आणि लसीकेचा निचरा तुंबलेल्या पायात त्यांना रोखणारं कोणी वेळेवर पोचत नाही. प्रत्येक तापागणिक उरल्यासुरल्या वाहिन्या आणखी खराब होतात. म्हणजे पाय जाड होत जातो तो मुख्यतः या तापांमुळं.

दुसरं म्हणजे दाबपट्टी. ती बोटांकडून वर गुडघ्यापर्यंत, खाली घट्ट आणि वर सैल अशी बांधायची. नर्सबाईंनी मावशींच्या सुनेला तीन वेळा बांधून दाखवली.

आणि तिसरं योग. आपल्याकडं योगाच्या नावावर लसीकेबद्दल काय काय खपवलं जातं ते मी रोज बघते. "विपरीत करणीनं शरीरातली विषं धुऊन निघतात", "पिळाच्या आसनांनी लसीका शुद्ध होते". लसीका मुळात अशुद्ध नसते, आणि आसनानं काही धुऊन निघत नाही. आसनानं फार तर एक पंप थोडा जास्त चालतो. पण बिघडलेल्या पायाला तेवढाही पंप मोलाचा असतो.

रक्ताला हृदयाचा धक्का असतो. लसीकेला तसा मध्यवर्ती पंप नाही. रोज साधारण दोन ते चार लिटर द्रव पेशींच्या आजूबाजूनं गोळा होऊन या वाहिन्यांतून परत रक्तात यायचा असतो. वाहिन्या स्वतः हळूहळू आकुंचन पावतात, एकमार्गी झडपा द्रवाला मागं जाऊ देत नाहीत, आणि बाकीचं काम शेजारचे स्नायू करतात. पोटरी आवळली की वाहिनी दाबली जाते आणि द्रव एक झडप वर सरकतो. पायांतली लसीका पोटात, छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या खाली, एका पिशवीसारख्या भागात जमते. तिथून मोठी वाहिनी छातीतून वर चढून मानेच्या डाव्या बाजूला शिरेत मोकळी होते. श्वास आत घेताना पडदा खाली येतो, पोटात दाब वाढतो, छातीत कमी होतो, आणि या वाहिनीतला द्रव वर खेचला जातो. पोटाच्या श्वासाचा पायाशी संबंध येतो तो असा.

हे मी मावशींना समजावत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "काऊन वं पोरी, पोटातल्या श्वासानं पाय उतरते का कुठं?" मी चित्र काढून दाखवलं. चित्राकडं थोडा वेळ बघितलं आणि मग त्याच म्हणाल्या, "म्हणजे बांधीतलं पाणी काढाचं तं आधी खालच्या बांधीचं तोंड मोकळं कराव लागते, तसं." अगदी तसं. फक्त इथं खालची बांधी मानेजवळ आहे. म्हणून क्रम ठरला: आधी श्वास, मग जांघ, मग गुडघा, आणि घोटा शेवटी. हाताच्या हलक्या मालिशीनं सूज उतरवणारेही याच क्रमानं जातात. क्रम उलटा केला तर फार बिघडतं असा काही पक्का पुरावा नाही, पण मावशींना तो पटला आणि लक्षात राहिला, हे माझ्यासाठी पुरेसं होतं.

जमिनीवर काही करायचं नाही, हे वज्रासनानंतर ठरलंच होतं. सगळं बाजेवर. दाबपट्टी बांधलेलीच असायची, कारण पट्टी असली की आवळणाऱ्या पोटरीला बाहेरून टेकण मिळतं आणि द्रव कातडीकडं पसरण्याऐवजी वर सरकतो.

पाठीवर झोपून गुडघे वर, दोन्ही हात पोटावर, दहा-बारा श्वास. आत घेताना हात उचलले गेले पाहिजेत, सोडताना घाई नाही. मग एकेक पाय पोटाकडं, पवनमुक्तासनासारखा, पण अर्धाच. मांडी पोटावर दाबायची नाही, नुसती जांघेशी घडी आणि सोडणं, आठ वेळा. मग कंबर टीचभर उचलून सेतुबंध, पाच वेळा. त्यानंतर तीन गोधड्यांच्या घडीवर दोन्ही पाय ठेवून दहा मिनिटं पडून राहायचं, आणि त्या दहा मिनिटांत पंजे वर-खाली, विसाचे दोन फेरे. शेवटी उठून दाराच्या चौकटीला धरून ताडासन: टाचा उचल, थांब, हळू टेकव. पंधरा वेळा. एकूण वीस मिनिटांच्या आत. सकाळी एकदा, आणि संध्याकाळी पाय धुऊन पट्टी बांधल्यावर एकदा.

यात फोटो काढण्यासारखं एकही आसन नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, उड्डियान का नाही दिलं? पोटातला दाब तर त्यानं जास्त बदलतो." प्रश्न बरोबर होता. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेत स्वामी कुवलयानंदांनी १९२४च्या सुमारास उड्डियान आणि नौली (पोटाचे स्नायू आवळून फिरवणं) करताना आतड्यांतला दाब उपकरण लावून मोजला होता. नौलीत तो बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो हे दाखवून त्यांनी आपल्या गुरूंच्या नावानं त्याला माधवदास व्हॅक्यूम म्हटलं. आसनाचा परिणाम मोजून बघायचा हा स्वभाव महाराष्ट्रातल्या योगाला तिथून लागला, आणि मी मोजपट्टी हातात घेतली त्याचं मूळही तिथंच आहे. पण मावशींना रक्तदाबाची गोळी चालू होती. श्वास बाहेर रोखून पोट आत खेचणं त्यांच्यासाठी नव्हतं.

हत्तीपायावर योग हा काही माझा शोध नाही. केरळातल्या कासरगोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजीनं पाय धुणं, आयुर्वेदिक तेलाची हलकी चोळणी, दाबपट्टी आणि योग यांची सांगड घालून अनेक वर्षं असे रुग्ण हाताळले आहेत. तिथं योग हा त्या सांगडीतला एक धागा आहे. एकट्या योगाचं श्रेय किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. स्तनाच्या कर्करोगानंतर हात सुजलेल्या बायकांवर टास्मानियात एक छोटा प्रयोग झाला, त्यात आठ आठवड्यांच्या योगानं हाताचं आकारमान काही वेगळं पडलं नाही, पण दंडाची ताठरलेली ऊती मऊ झाली. मावशींच्या पायाकडून काय अपेक्षा ठेवायची, ते मी हे वाचून ठरवलं.

जुलैतला ताप

मे महिन्यापर्यंत सगळं छान चाललं होतं. मी पंधरा दिवसांनी जायचे, मधे फोन. आणि प्रत्येक फोनवर एकच वाक्य: "मावशी, एकही दिवस चुकवायचा नाही हं."

जुलैत रोवणी लागली. पऱ्हे (धानाची रोपं) उपटायला, चिखलात उभं राहायला मावशी चार दिवस गेल्या. गमबूट त्या पायात चढत नव्हता, म्हणून अनवाणी. रात्री आठला घरी, चूल, जेवण, आणि धुणं राहून गेलं. पाचव्या दिवशी हुडहुडी. मला कळलं ते सहाव्या दिवशी, सुनेच्या फोनवरून. "ताई, ताप हाये, पाय लाल झाला, पण त्या व्यायाम सोडत नाहीत. तुम्ही सांगतलं ना चुकवाचं नाही म्हणून. मी गरम तेल लावून चोळून देतो."

मी फोनवर ओरडलेच. ताप असताना व्यायाम नाही, चोळणं नाही, गरम काही लावायचं नाही, पट्टी सोडायची. पाय उशीवर, थंड पाण्यात भिजवलेलं फडकं, भरपूर पाणी, आणि आजच्या आज डॉक्टर. प्रतिजैविकं चालू झाली आणि चौथ्या दिवशी ताप उतरला. पण त्या बाईनं तापात टाचा उचलल्या होत्या त्या माझ्या शब्दाखातर. वर्गात आपण "सातत्य, सातत्य" म्हणतो. कधी थांबायचं ते मी पाच महिन्यांत एकदाही सांगितलं नव्हतं. आता ते बाजेजवळच्या भिंतीवर खडूनं लिहिलं आहे, सुनेच्या अक्षरात: "ताप, लाल, दुखणं: व्यायाम बंद, दवाखाना."

मोजमाप

मोजायची पद्धत आम्ही शेवटपर्यंत बदलली नाही. सकाळी उठण्याआधी, बाजेवरच, टाचेपासून लाकडी पट्टीनं खुणा करून १०, २० आणि ३० सेंटिमीटरवर शिंप्याच्या टेपनं घेर. पहिल्या दिवशी १० सेंटिमीटरच्या खुणेवर उजवा पाय ३४.५, डावा २४. तिसऱ्या महिन्यात उजवा ३२. जुलैच्या तापानंतर परत ३३.५. वर्षानं, म्हणजे २०२४च्या फेब्रुवारीत, ३१.५. पोटरीचा घेर वर्षात ४३वरून ४०.५वर आला. घोट्यावरची वळी उथळ झाली, गेली नाही. कातडीचा खरखरीतपणा मात्र बराच कमी झाला. अंगठ्यानं दाबलं की खड्डा पडू लागला. पूर्वी तिथं बोट रुततच नव्हतं. पहिल्यांदा तो खड्डा बघून मावशी घाबरल्या. मी मात्र मनातून खूश झाले, कारण दगडासारखं झालेलं काहीतरी सैलावत होतं.

डाव्या पायाशी तुलना केली तर उजवा अजूनही घोट्याजवळ साडेसात सेंटिमीटरनं जाड आहे. म्हणून या प्रकरणाला मी "पाय बरा झाला" म्हणत नाही, आणि कोणी माझ्या नावानं तसं सांगितलं तर ते खोटं आहे. बदललं ते तापाचं. आदल्या वर्षी सहा वेळा आलेला ताप या वर्षात एकदाच, जुलैत. यातला किती वाटा धुण्याचा, किती पट्टीचा आणि किती आसनांचा? एका पायावरून हे सांगता येणार नाही. माझा अंदाज विचाराल तर ताप थांबला तो साबणामुळं आणि त्या लुगड्याच्या पट्टीमुळं. आसनांनी पाय हलका वाटायला लागला, आणि पाय हलका वाटतो म्हणून मावशी रोज धुवायला बसत राहिल्या. हा दुसरा भाग मी आधी धरलाच नव्हता. धुणं कंटाळवाणं असतं. बाजेवर पडून पोटावर हात ठेवून श्वास घेणं त्यांना आवडायचं. "दिवसभरात तेवढंच माझं," असं त्या म्हणत.

पट्टीचा प्रश्न सुटलेला नाही. ती सहा-आठ महिन्यांत सैल पडते आणि नवी घ्यायची म्हटलं की घरात हिशेब होतो. सुनेनं एकदा जुनी पट्टी दुहेरी करून बांधली, तेव्हा घोट्यात वळ उठले. त्यानंतर पट्टी सैल झाली की आधी मला फोन करायचा असं ठरलंय.

चपलेचं काम तालुक्याच्या एका चांभारदादांनी केलं. पुढून रुंद, वर दोन बंद, आत मऊ रबर. पहिल्या दिवशी मावशी ती घालून घरात फिरल्या, अंगणात उतरल्या नाहीत. चिखल लागेल म्हणून.

२०२४च्या रोवणीत त्या चिखलात उतरल्या नाहीत. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून पऱ्ह्यांच्या जुड्या बांधायचं काम घेतलं, त्याला मजुरी कमी. त्यावरून घरात कुरबुर झाली, अजूनही होते. शेजारी झाकण लावलेली पाण्याची बादली आणि कमरेला खोचलेली लुगड्याची पट्टी. त्या महिनाभरात ताप आला नाही. ऑगस्टमध्ये मी टेप लावला तेव्हा १० सेंटिमीटरच्या खुणेवर ३२ भरलं, म्हणजे फेब्रुवारीपेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त. दिवसभर पाय खाली सोडून बसण्याचा परिणाम असावा. मावशींनी आकडा वहीत लिहू दिला आणि मग विचारलं, धुऱ्यावर एक पिढा पायाखाली ठेवला तर चालेल का.